विसावा निरोगी माणूस

आजारी माणसात नेमके काय बिघडले आहे हे ठरवायचे, तर त्याच्या शेजारी काहीही न बिघडलेला एक माणूस ठेवून पाहावे लागते. हे विज्ञानाचे तत्त्व आहे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार असलीच तर त्या दुसऱ्या माणसाच्या पुरवठ्याबद्दल आहे.

हा पुरवठा मेंदू-संशोधन विभागातल्या समन्वयक बाईंच्या गळ्यात पडला होता. डोपामिन नावाचे रसायन मेंदूला सारखे सांगत असते, 'इकडे बघ, हे महत्त्वाचं आहे.' स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ते जास्त तयार होते का, हे स्कॅन काढून पाहायचे होते. वीस रुग्ण, वीस निरोगी. दंडात सुई घ्यायची आणि बोगद्यासारख्या यंत्रात दीड तास न हलता पडून राहायचे. रुग्ण वीसच्या वीस मिळाले. वेळेवर आले, हलले नाहीत, जाताना आभार मानून गेले. निरोगी मात्र एकोणीसवर अडले. (त्यांतले चौघे यंत्रात घाबरले, दोघे घोरले आणि एकाने फोन पाहण्यासाठी यंत्र थांबवायला लावले. तरी ते निरोगीच धरले गेले, कारण कागदावर तसे होते.)

घोडे अडले होते प्रश्नावलीवर. बारा प्रश्न, सगळे संस्थेच्या नैतिकता मंडळाने मंजूर केलेले, आणि एकालाही 'हो' चालत नसे.

बाईंनी आधी दारावरच्या रखवालदाराला धरले. "आपल्यावर कुणी नजर ठेवतंय असं वाटतं का?"

"वाटायचं काय त्यात? डोक्यावर कॅमेरा आहे."

बाद. मग त्यांनी नवऱ्याला आणले. "समोर कुणी नसताना आवाज ऐकू येतो का?"

"तुझा येतो. ऑफिसात असलो तरी."

तोही बाद, आणि घरी जाताना दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी विभागप्रमुख स्वतः बसले. 'आपले विचार कुणी चोरते का?' यापुढे त्यांनी 'हो' लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि एका प्राध्यापकाचा पत्ताही दिला. बाईंनी स्वतःही अर्ज भरला होता. पण न वाजलेला फोन त्यांना दिवसातून सहा-सात वेळा ऐकू येई. तो कागद त्यांनी फाडला. (फाडलेल्या कागदासाठी रकाना नाही.)

महिनाअखेर प्रकल्प बंद व्हायचा होता. अशात रुग्ण क्रमांक सात, म्हणजे घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ, थोरल्या बहिणीला घेऊन चौकशीला आले.

"मॅडम, माझं चित्र काय म्हणालं?"

"एकट्याच्या चित्रावरून सांगता येत नाही, दादा. चाळीस झाले की सरासरी काढायची."

"किती झाले?"

"एकोणचाळीस. एक निरोगी मिळत नाहीये."

"म्हणजे माझ्यासारखे मिळाले, तुमच्यासारखा मिळेना."

"मला घ्या," बहीण म्हणाली.

"तुम्ही सख्ख्या बहीण. नियमात बसत नाही."

"तेवीस वर्षं ह्याला सांभाळून माझं डोकं ठिकाणावर आहे, तरी?"

"तरी."

घड्याळवाल्यांनी मग स्वतःच मनावर घेतले. चार दिवसांत त्यांनी आपली अकरा गिऱ्हाइके आणून रांगेत बसवली. अकराही बाद झाली. त्यांत एक शिक्षिका होत्या. आपण खोलीत शिरलो की सगळे आपल्याबद्दल बोलायचे थांबतात, असे त्यांना वाटे. (चौकशीअंती ते खरे निघाले, पण प्रश्नावलीत खऱ्या-खोट्याला जागा नाही.)

बाहेरच्या बाकावर बसून घड्याळवाले सगळ्यांची उत्तरे ऐकत होते. शेवटचा माणूस गेल्यावर ते आत आले.

"असलंच काहीबाही मी सांगितलं तेव्हा मला गोळ्या लागल्या. ह्यांना काय दिलंत?"

"चहा," बाई म्हणाल्या.

ते हसले. मग खुर्ची ओढून बसले. "माझं वेगळं होतं, मॅडम. दुकानातल्या प्रत्येक घड्याळाचा काटा माझ्याकडे बोट दाखवायचा. रस्त्यात कुणी खाकरलं तरी मला तो निरोप वाटायचा. सात महिने दुकान उघडता आलं नाही. ह्यांची दुकानं उघडी आहेत. तुमच्या कागदात हे कुठे विचारलंय?"

बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. कुठेच विचारले नव्हते.

त्यांनी त्याच दिवशी मंडळाला पत्र लिहिले, की 'तुमचे दुकान उघडे आहे का?' असा एकच प्रश्न ठेवावा. मंडळाने तीन बैठका घेतल्या, पत्राचे कौतुक केले, सूचना फेटाळली आणि निरोगीपणाची सुधारित व्याख्या मंजूर केली: 'निरोगी म्हणजे अद्याप विचारपूस न झालेली व्यक्ती.' दुसऱ्याच दिवशी पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनची संमती घेऊन, बाकी काहीही न विचारता, त्याला यंत्रात झोपवण्यात आले. चाळीस पूर्ण झाले.

निष्कर्ष आला: रुग्णांच्या गटात डोपामिनची सरासरी थोडी जास्त होती. बाईंनी फोन केला.

"त्या सरासरीत मी आहे?" घड्याळवाल्यांनी विचारले.

"आहात."

"बरं झालं. ताईला वाटायचं, मी मुद्दाम करतो."

पलीकडे फोन हातातून हातात गेला. बहिणीने निष्कर्ष पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाली, "हे कागदावर मिळेल का? नातेवाइकांना दाखवायचंय," आणि जरा थांबून, "मलाही एक प्रत लागेल."

बाईंनी नियम मोडून दोन प्रती पाठवल्या.

विभागाला आता पुढच्या प्रकल्पासाठी आणखी चाळीस निरोगी माणसे हवी आहेत. व्याख्या तीच आहे. मात्र वरचे प्रश्न वाचताना ज्यांनी मनातल्या मनात उत्तरे दिली, त्यांची विचारपूस झाली असे मंडळ धरते. त्यांनी अर्ज करू नये. आणि हे वाक्य आपल्यालाच उद्देशून लिहिले आहे असे ज्यांना वाटले, त्यांचा तर प्रश्नच मिटला.