जवाचं पाणी

१९८४च्या उन्हाळ्यात माझे सासरे अण्णा मिरजेहून आमच्याकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला आले. आल्यापासून ते बॅकयार्डमध्ये बसून खारी बघत होते. (खारीही त्यांना बघून कंटाळल्या असाव्यात.) शेवटी मीच म्हटलं, "चला अण्णा, तुम्हाला इथलं लोकसंगीत ऐकवतो."

गावाबाहेरच्या कुरणात फोक फेस्टिव्हल होता. माझ्या बायकोनं, विनीतानं, डब्यात पुरीभाजी भरली आणि मला दम भरला, "अण्णांसमोर बिअरला हात लावून तर बघ!"

ती फोल्डिंगच्या खुर्च्या मांडत होती, तेवढ्यात मी 'आलोच' म्हणून सटकलो. एका तंबूत एक दाढीवाला इंग्रज लाकडी पिंपातून स्वतः बनवलेली एल, म्हणजे जवाची इंग्रजी बिअर, ओतत होता. मी घोट घेतला. ना थंड, ना फेस!

"यार, ही शिळी झालीय," मी जाणकारासारखं इंग्रजीत सुनावलं.

हापूसला नावं ठेवणाऱ्याकडे देवगडकरानं बघावं, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. "खरी एल अशीच असते. सावकाश पी."

प्यायलो. खरपूस भाकरीची चव जिभेवर उतरत होती, तोच मागून आवाज आला, "काय पिताय, जावईबापू?"

अण्णा!

"ज... जवाचं पाणी." (तसं अगदीच खोटं नव्हतं.)

"वा! मुतखड्याला उत्तम. आम्हालाही सांगा एक."

अण्णांनी ग्लास रिकामा केला, मिशा पुसल्या. "कडवट आहे, म्हणजे औषधी असणार," म्हणत दुसराही घेतला.

तिकडे स्टेजवरची बाई म्हणाली, ज्याला गाणं येतं त्यानं वर यावं. मी वळून बघतो, तर अण्णांची पांढरी टोपी स्टेजवर!

"काय गाणार, सर?"

"गोंधळ!" अण्णा म्हणाले आणि जन्मभर बीजगणित शिकवलेल्या त्या खणखणीत आवाजात सुरूही झाले. बँजोवाला आधी अडखळला, मग तुणतुण्यासारखा त्यांच्या मागे लागला. फिडलही आलं. सगळं कुरण टाळ्यांचा ठेका धरू लागलं.

विनीता हातात पुरी घेऊन तशीच उभी. "आई गेल्यापासून अण्णा गायलेच नव्हते रे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ते संध्याकाळचं ऊन, ते गवत, तो आवाज... इतकी वर्षं झाली, अण्णाही आता नाहीत, पण ते सगळं अजून तसंच आहे.

मग अण्णा खाली उतरले, लेकीला जवळ घेतलं आणि तिला वास आला.

"काय पाजलंस त्यांना? गोंधळ त्यांनी नाही, तू घातलायस!"

घरापर्यंत तिनंच ड्राइव्ह केलं. मागच्या सीटवर अण्णांचं गाणं चालूच होतं. दारात उतरल्यावर ते तिला म्हणाले, "विनू, त्यांच्यावर रागावू नकोस. मला पहिल्या घोटातच कळलं होतं, दारू आहे ती. त्या बिचाऱ्यांना मात्र खरंच जवाचं पाणी वाटत होतं."

विनीताचा राग तिथल्या तिथे मावळला. तिला ते ताबडतोब पटलं होतं.