सहा मिनिटांच्या स्वारीची बखर

श्रीशारदा प्रसन्न. खडूस नमन, फळ्यास नमन, आणि ज्या कोण्या पुण्यपुरुषाने घंटा शोधिली, जिच्या कृपेने वाईटातला वाईट तासही संपतो, त्यास साष्टांग नमन. शके एकोणीसशे बारा, प्रमोद नाम संवत्सरे, श्रावणमासी, एका राज्यात मास्तर घडविण्याचा एक किल्ला होता, तेथील ही हकीकत. लिहिणार आम्हीच, आणि यात ज्याची फजिती जाहली तोही आम्हीच, सबब साक्षीपुराव्याची गरज नाही.

ते समयी आम्ही विज्ञानाचे ताजे पदवीधर, उंची बेताची, आवाज दांडगा, आणि अकलेचा खंदक भरावयाचा राहिला होता. आमचे मामा, राजश्री तुकाराममामा घोलप, पिठाचे गिरणीचे धनी, यांनी निघतेवेळी निर्वाणीचे सांगितले होते, "लेका, एक साल देतो तुला. मास्तर झालास तर झालास. न्हाईतर गुमान गिरणीवर यायचं. माझं वय झालं आता." गिरणी वाईट नव्हे, तिचेच पीठ खाऊन आम्ही वाढलो, परंतु लहानपणापासून आम्हांस मास्तरच व्हावयाचे होते, दुसरे काही व्हावे हे कधी सुचलेच नाही, आणि म्हणोन भय फार वाटे.

किल्ल्याचा कारभार कुमुदिनीबाईसाहेब नाडगौडा यांजकडे होता. त्यांनी हुकूम फर्माविला की, नवशिक्यांस एकदम खऱ्या मुलांवर सोडू नये, मुले नासतात. आधी आपसांतच सहा सहा मिनिटांचे पाठ घ्यावे, एकाने मास्तर व्हावे, पाचांनी विद्यार्थी व्हावे, आणि एके वेळी एकच हत्यार चालवावे, एके दिवशी प्रस्तावनेचे, दुसरे दिवशी प्रश्नांचे, मग शाबासकीचे, मग फळ्याचे. आणि सहा मिनिटे होताच घंटा, मग बाकीच्यांनी उणेदुणे सांगावे, मग सुधारून तोच पाठ पुन्हा घ्यावा. यास 'सूक्ष्म पाठ' ऐसे नाव. आणि कायदा ऐसा की, दोन महिने ही तालीम जाहली म्हणजे खऱ्या वर्गावर पुरा तास घ्यावा, त्यात जो पडेल त्याचे नाव पटावरून कमी. हिकमत उत्तम होती. ती नासविली आम्ही.

आमचे टोळीत भास्करराव टेमघरे म्हणोन एक धोरणी गृहस्थ होते. ते पहिलेच दिवशी बोलिले, "आज तुम्ही मला नावं ठेवलीत की उद्या मी तुम्हांला ठेवणार. दोघांचीही अब्रू जायची. त्यापेक्षा छान म्हणू आणि चहाला जाऊ." हा विचार सर्वांस मानवला आणि तह जाहला. तहाची कलमे दोन: मास्तराने प्रश्न विचारताच विद्यार्थ्याने हवे तेच उत्तर द्यावे, आणि पाठ कसाही होवो, 'छान' म्हणावे. मग काय विचारता! आम्ही पुसावे, "मुलांनो, ओले कपडे दोरीवर टाकले तर काय होते?" आणि भास्कररावांनी मिशा असोनही बालस्वरे म्हणावे, "वाळतात, सर!" "छान! मग त्यांतले पाणी कोठे जाते?" "वाफ होऊन हवेत जाते, सर!" "छान! तर आज आपण बाष्पीभवन शिकणार आहोत." आणि व्याख्या, आणि सारांश, आणि घंटा. तोफा तेवढ्या सुटावयाच्या राहिल्या. एकदा बाईसाहेब दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "तुमच्या वर्गात चुकत कुणीच कसं नाही हो?" आम्ही ती तारीफ समजलो आणि लवून मुजरा केला.

मग आश्विनमासी लढाईचा दिवस उगवला. रणभूमी शेजारचे शाळेतील सातवीचा वर्ग. मागील बाकावर बाईसाहेब आणि परप्रांतातून आलेले एक परीक्षक, चष्मा नाकाचे शेंड्यावर. आम्ही इस्त्रीचा सदरा लेवून आत शिरलो आणि पहिला गोळा डागिला, "मुलांनो, ओले कपडे दोरीवर टाकले तर काय होते?" मग तिसरे बाकावरील मंगल वाघचौरे नामे मुलगी उठोन म्हणाली, "चोरीला जात्यात, सर."

आम्ही सवयीने गरजलो, "छान!"

"आमच्या दादाची नवी चड्डी गेली," ऐसे तिने पुढे कळविले.

"छान! म्हणजेच आज आपण बाष्पीभवन शिकणार आहोत."

चड्डीवरून बाष्पीभवनास कैसे पोहोचलो हे ईश्वरास ठाऊक. वर्ग खो खो हसला, आणि आम्ही जे उधळलो ते व्याख्या सांगितली, आणि फळ्यावर लिहिली, आणि सारांश केला, आणि गृहपाठ दिला, आणि खडू खाली ठेविला. भिंतीवरील घड्याळ पाहतो तो सहा मिनिटे जाहली होती. तास पस्तिसांचा. ज्या पोपटास सहाच मिनिटे पढविली तो सातवे कोठून आणील? घंटा होईना. परीक्षकांनी चष्मा वर सारिला. खिडकीबाहेरून भास्कररावांनी तहास जागून खुणेने 'छान' म्हटले, पुढचे त्यांसही सुचेना. आमचे डोळ्यांपुढे गिरणीचा पट्टा फिरू लागला, आणि पिठाचा वासही आला, आणि खरे सांगावे तर रडूच यावयाचे राहिले.

मग तीच मंगल पुन्हा उठली. "सर, वाफ तर पाणी उकळल्यावर व्हती. दोरीवर कुठं उकळतंय? मग कापडं वाळत्यात कशी?"

ऐसा प्रश्न तहात नव्हता. आम्ही 'छा' इतके उच्चारिले आणि थांबलो, कारण पदवी घेतली तरी हे आम्ही आपले मनास कधी पुसलेच नव्हते. मग जीव मुठीत धरोन बोलिलो, "मला नीट सांगता येणार नाही, मंगल. पण आपण बघू या."

मग फडके भिजवून फळ्यावर दोन ओले पट्टे ओढिले, आणि एकास दोन पोरांनी पुठ्ठ्याने वारा घातला, आणि दुसऱ्यास तैसेच ठेविले, आणि उंबऱ्यावर उन्हात तिसरा ओढिला, आणि आधी कोणता वाळेल यावर वर्गाचे दोन तट पडले, आणि ओरडा ऐसा की शेजारचे वर्गाचे मास्तर डोकावून गेले. वारा घातलेला पट्टा उडाला, उन्हातलाही उडाला, आणि शेजारचा ओलाच राहिला. मंगलने त्यावर तळवा टेकला. "गार लागतंय. उकळत तर न्हाई, तरी उडतंय. वरचं वरचंच उडत आसंल का, सर?" या खेपेस आम्ही छान म्हटले नाही. "असं का वाटतं तुला?" ऐसे पुसले, आणि उत्तर ऐकावयास तिचे बाकावरच बसलो. मग घंटा कधी जाहली ते कोणासच कळले नाही.

बाहेर परीक्षक बोलिले, "प्रस्तावना भरकटली. वेळेचं नियोजन शून्य. आणि शिक्षकानं वर्गात मला येत नाही असं म्हणायचं नसतं."

बाईसाहेब म्हणाल्या, "सगळं खरं. पण दोन महिन्यांत आज पहिल्यांदा कुणीतरी काही शिकलं."

"कोण, ती मुलगी?"

"नाही. हे," ऐसे म्हणोन त्यांनी आमचेकडे बोट केले.

परीक्षकांस हसू आले आणि आम्ही काठावर उत्तीर्ण जाहलो. मामांस वर्तमान सांगितले तेव्हा ते सुस्कारा टाकोन म्हणाले, "आता गिरणीला माणूस कुठनं आणू?" आणि आमचे तोंडून सवयीने "छान!" निघाले. मामा दिवाळीपावेतो बोलिले नाहीत.

एवं च, आज त्याच किल्ल्यात सूक्ष्म पाठांचा कारभार आम्हांकडे आहे. पाचांतील एकाने मंगल व्हावे, वाकडे उत्तर द्यावे आणि अडचणीचे पुसावे, ऐसा कायदा आम्ही केला आहे. काल नवी टोळी आली. आम्ही कपड्यांचे पुसले, आणि सारे एका सुरात म्हणाले, "वाळतात, सर!" तेव्हा त्या मुलीची फार आठवण आली. बखर सरली, घंटा जाहली. ज्यास प्रश्न असेल त्याने बसून राहावे.