दारातली खाट

पहिली गार पडली तेव्हा दादाला वाटलं, गल्लीतून कुणीतरी दगड मारला. दुसरी पडली तेव्हा तो खिडकीशी जाऊन "कोण आहे रे तिकडे?" म्हणून ओरडला. उत्तर तिसरीनं दिलं. ती काच फोडून आत आली आणि थेट त्याच्या हातातल्या चहाच्या कपात पडली. चांगली लिंबाएवढी होती.

मग आभाळच फाटलं. मागच्या खोलीच्या छपरावर कुणी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज सुरू झाला, आणि त्या धडधडाटातून वाट काढत एक खोकला आला. खोल, फाटका, ऐकणाऱ्याच्याच छातीत कळ आणणारा.

"आई!" दादा म्हणाला आणि कप ओट्यावर टाकून धावला.

आईला न्यूमोनिया होऊन तीन आठवडे होत आले होते. औषधं चालू होती, इंजेक्शनं झाली होती, ताप चढउतार करत होता, खोकला मात्र मुक्काम हलवायला तयार नव्हता. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, "पूर्ण विश्रांती. गोंगाट नको, गडबड नको, माणसांची ये-जा नको." दादाचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे नंबर तपासणारा माणूस. सांगितलेली गोष्ट तो पाव नंबरानंही इकडची तिकडे होऊ देत नसे. त्यानं आईची लोखंडी खाट बाहेरच्या खोलीतून हलवून स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत नेली होती. बाकी घरावर स्लॅब होता, ही खोली तेवढी नंतर काढलेली, सिमेंटच्या पत्र्यांची. पण गल्लीपासून सर्वांत लांब, म्हणून सर्वांत शांत. घरातले सगळे चवड्यांवर चालू लागले, कुजबुजत बोलू लागले. आतून खोकला वाढला की दादा हळूच उठायचा आणि दार आणखी घट्ट लावून यायचा.

तेच दार आता त्यानं धाडकन उघडलं. पत्र्यांना भोकं पडली होती असं म्हणण्यात अर्थ नव्हता. भोकांच्या कडेनं थोडा पत्रा उरला होता. गारा खाटेवर पडत होत्या, औषधाच्या बाटल्यांवर पडत होत्या. आईनं डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं होतं, आणि त्याखाली ती इतकी लहान दिसत होती, की आत माणूस आहे की नुसतंच पांघरूण, असा प्रश्न पडावा.

"अगं, ये लवकर! खाट बाहेर काढायची!"

बायको धावत आली. "आधी त्यांना उचलूया का?"

"डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितलंय. खाटेसकट काढू. तू तिकडून ओढ, मी इकडून ढकलतो."

खाट दारात शिरली, अर्धी बाहेर गेली आणि खट्कन थांबली.

"डावीकडे घे."

"माझ्या डावीकडे की तुमच्या?"

"आईच्या!"

डावीकडे झालं, उजवीकडे झालं. पाठीत गारा खात दादा सवयीनं विचारत होता, "आता बरं, की आधी बरं होतं?"

"आधीच बरं होतं!" बायको कळवळून म्हणाली.

शेवटी दादानं खांदा लावला आणि होता नव्हता तो जोर केला. खाट वीतभर सरकली, तिचा एक पाय चौकटीत घुसला, दुसरा भिंतीत रुतला, आणि ती अशी बसली, की गवंड्यानं तिच्याभोवतीच भिंत उचलली असावी. तेव्हा कुठे दादाला आठवलं: आत नेताना ही खाट आपण आडवी करून नेली होती. माणसासकट खाट आडवी करता येत नाही.

आईचं डोकं स्वयंपाकघरात आलं होतं आणि पाय मागच्या खोलीत राहिले होते. दादाही मागच्या खोलीतच राहिला होता.

"मी बाहेर कसा येऊ?"

"खालून या."

घरचा कर्ता पुरुष आईच्या खाटेखालून रांगत स्वयंपाकघरात आला. त्यानं आईच्या पायांवर छत्री उघडून ठेवली, मग बायकोला म्हणाला, "चल, उचलूच तिला." दोघांनी काखेत हात घालताच आई अशी काही खोकली, की डोळे पांढरे व्हायची वेळ आली. हात काढले, खोकला थांबला. पुन्हा घातले, पुन्हा उसळला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

गारा थांबल्यावर डॉक्टर आले. रस्ताभर पाल्याचा खच पडला होता आणि त्यात मेलेल्या चिमण्या होत्या. डॉक्टर त्या चुकवत चुकवत आले होते, त्यामुळे आधीच गप्प होते.

"पेशंट आत आहेत?"

"अर्ध्या," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी ओट्याला पाठ टेकवून आईची छाती तपासली, नाडी पाहिली, पाय तपासायला खाटेखालून पलीकडे गेले आणि गुडघ्यांना चुना लावून परत आले. उचलून बघायचं म्हणून त्यांनीही खांद्याला हात लावला. खोकला उसळला. डॉक्टरांनी हात मागे घेतला. "इथंच राहू दे. असा खोकला असताना हलवणं धोक्याचं." मग दादाला बाजूला घेऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, "वय झालंय. जवळच्या माणसांना कळवून ठेवलेलं बरं."

दादा मान हलवत राहिला. डॉक्टर गेले तरी हलवत राहिला.

गारा पडल्यापासून गावात गवंडी राजा झाला होता. त्याला अक्षरशः हाताला धरून आणावं लागलं. त्यानं छप्पर पाहिलं, खाट पाहिली, खाटेवरची आई पाहिली.

"पत्रे आतून बसवायचे, ते आत न्यायला दार पाहिजे. दारात आजीबाई."

"मग चौकट तोडा."

"तोडतो की. पण धूळ उडेल. न्यूमोनिया म्हणताय ना?"

"मग करायचं काय?"

"आजीबाई हलल्या की बोलवा."

"हलल्या म्हणजे?"

"कशाही," गवंडी म्हणाला आणि पुढच्या घरी गेला.

बाजारात ताडपत्रीचा तुकडा उरला नव्हता. दादानं दुकानावरचा मोठा प्लॅस्टिकच्या कापडाचा फलक उतरवला, शेजारच्याची शिडी लावून तो भोकांवर अंथरला, कडेला विटा ठेवल्या. तरी पाणी ठिबकायचं ते ठिबकतच होतं. मागच्या खोलीत बादल्या मांडल्या. बादल्या भरायच्या, त्या ओतायला खाटेखालून आणायच्या, रिकाम्या करून पुन्हा खाटेखालून न्यायच्या. दादा दुकानात गेला की हे काम बायकोकडे. डोक्याशी शेगडी, कुकरच्या शिट्ट्या, फोडणीचा ठसका. खालून माणसं सरपटतायत, बादल्या खडखडतायत. डॉक्टरांनी जे जे नको म्हणून सांगितलं होतं, ते सगळं आईच्या उशाशी येऊन बसलं होतं. दादाला ते बघवत नसे.

दुसऱ्या दिवशी आई बोलली. कित्येक दिवसांनी तिच्या तोंडून स्पष्ट शब्द आले.

"दूध उतू जातंय."

बायकोनं गॅस बंद केला आणि तिथंच उभी राहून डोळे पुसले. दादाला फोन केला. "अहो, आई बोलल्या!"

"विझताना दिवा मोठा होतो म्हणतात," दादा म्हणाला.

म्हणून मग बायकोनंही तसंच बघायला सुरुवात केली. आई म्हणाली, "कांदा बारीक चिर," तर बायकोला हुंदका. आई अर्धी वाटी भात जास्त जेवली, तर हिला घास जाईना. आणि संध्याकाळी आई पायांच्या दिशेनं वर बघत म्हणाली, "तिकडे कुणीतरी आहे."

"कुणी नाही, आई."

"आहे. दोन डोळे आहेत. एवढाले. एकटक बघतायत माझ्याकडे. पापणीसुद्धा लवत नाही."

बायकोनं अक्काला फोन लावला. अक्का ही दादाची थोरली बहीण, पण घरात सगळे म्हणायचे म्हणून तीही त्याला दादाच म्हणे. "अक्का, निघा. आईंना काहीबाही दिसायला लागलंय."

अक्का सकाळी आली ती गल्लीच्या तोंडापासून रडतच. शरीरानं भक्कम बाई, आवाजही शरीराला शोभेलसा. "आई गं, मला न सांगता कुठं निघालीस?" म्हणून तिनं आईच्या गळ्यात पडायला घेतलं. पण खाटेच्या एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला फ्रिज, मधल्या फटीत अक्का मावेना.

"पाय तरी धरू दे मला," म्हणत अक्का खाली बसली आणि कुणी नको म्हणायच्या आत खाटेखाली शिरली. डोकं पलीकडे निघालं, खांदे निघाले, आणि पुढचा प्रवास थांबला. तिनं धाप टाकत वर पाहिलं आणि घर हादरेल अशी किंकाळी फोडली.

"दादा! मलाही दिसतायत रे!"

खालची वाट अक्कानं अडवलेली, म्हणून दादा आईच्या पायांवरून उडी टाकून मागच्या खोलीत गेला. वर पाहिलं. छपराच्या भोकांतून दोन प्रचंड डोळे खाली बघत होते. काळ्याभोर बाहुल्या, लांब पापण्या, भोवती सोनेरी काडीचा चष्मा. आपण आपल्या दुकानाचा फलक घाईत पालथा अंथरला, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"अगं, ती आपली जाहिरात आहे," तो म्हणाला. त्याला हसावं की रडावं कळेना. ठरवायला वेळही मिळाला नाही, कारण तेवढ्यात टप् झालं. मग टप् टप्. मग पुन्हा तो खडीचा ट्रक.

"मला काढा!" अक्का खालून ओरडली.

"ओढते!" बायकोनं स्वयंपाकघरातून अक्काचे पाय धरले. अक्का इंचभरही हलली नाही, नुसती खाट करकरली. वर फलकात गारा साचत चालल्या. त्याचं पोट खाली लोंबायला लागलं आणि ते डोळे फुगत फुगत खाली येऊ लागले. हे ओझं कोसळलं तर आईच्या पायांवर, अक्काच्या डोक्यावर. दादानं केरसुणी उचलली आणि दांड्यानं फलक वर ढकलायला सुरुवात केली. एकदा ढकललं, गारा बाजूला झाल्या. दुसऱ्यांदा ढकललं, आणि दांडा बरोबर उजव्या डोळ्यातून आरपार गेला.

दोन-तीन बादल्या बर्फ दादाच्या डोक्यावर, मानेवर, सदऱ्याच्या आत कोसळला. तो खाली बसला.

मग खाटेवरून एक आवाज आला. घशात काहीतरी अडकल्यासारखा, तुटक. दादानं तो ऐकला. संपलं, त्याला वाटलं. आपल्या डोळ्यांदेखत, दारात, धड आत नाही की बाहेर नाही, अशी गेली.

"आईऽ" एवढंच तो म्हणाला.

आई हसत होती. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला म्हणून ती आपली आपण, कुणाचा हात न लागता, खाटेवर उठून बसली.

"आधी हिला बाहेर काढा रे," ती म्हणाली. "मेली बिचारी खाटेखाली, तर लोक माझ्या नावानं बोटं मोडतील."

आई स्वतःहून उतरल्यावर खाट हलकी झाली, एका बाजूनं उचलली गेली आणि अक्का सुटली. गवंड्याला निरोप गेला की आजीबाई हलल्या. तो पडलेल्या चेहऱ्यानं आला आणि आई समोर खुर्चीत बसलेली पाहून जरा ओशाळला. त्यानं चौकट तोडून रुंद दार केलं, नवे पत्रे घातले, भिंतींना रंग दिला. डॉक्टरांनी आईला तपासलं, छाती मोकळी आहे म्हणाले, आणि जाता जाता घरच्यांची पाठ थोपटली. "बघा, विश्रांतीचा गुण!"

मग त्यांनी दादाला तपासलं. दादाला ताप होता. सदऱ्यात गेलेल्या गारा त्याच्या छातीत उतरल्या होत्या.

"पूर्ण विश्रांती," डॉक्टर म्हणाले. "गोंगाट नको, गडबड नको, माणसांची ये-जा नको."

खाट आता रुंद दारातून सहज आत गेली. दादाला तिच्यावर निजवलं, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि बायकोनं चवड्यांवर बाहेर जाऊन दार अलगद ओढून घेतलं. अक्का अजून मुक्कामाला होती. भिंतीपलीकडून तिचं हसणं यायचं, मध्येच आईचा आवाज, मध्येच भांडी. शब्द मात्र एकही कळत नसे. दादा नव्या पत्र्यांकडे बघत पडून राहिला. पत्रे पांढरे होते. भिंतीही पांढऱ्या होत्या. त्याला तहान नव्हती, दुखत असं काही विशेष नव्हतं. कुणीतरी येऊन काहीही विचारावं, कांदा बारीक चिरू की जाड, हेसुद्धा चाललं असतं.

त्याला खोकला आला. बाहेरची कुजबूज थांबली. त्याला बरं वाटलं. तो आणखी जरा खोकला. चवड्यांवरची पावलं दारापर्यंत आली, दार बोटभर उघडलं, आणि बायकोचा आवाज आला, "बाई गं, आपल्या बोलण्यानं त्रास होतोय वाटतं त्यांना." दार पुन्हा लागलं. या वेळी कडीही लागली.

दादानं श्वास घेतला आणि मन लावून खोकला.

कडी निघाली. आई आत आली. तिनं स्टूल ओढून बरोबर दारात ठेवलं, दार त्याच्या आड येणार नाही असं बघून त्यावर बसली, आणि थोडा वेळ मुलाकडे पाहत राहिली.

"घशातून काढतोयस," ती म्हणाली. "छातीतून काढ. लांब जातो."

दादा कोपरावर उठला. "आई, म्हणजे तुझा खोकला..."

"आधी खरा होता," आई म्हणाली. "मग तुम्ही दार लावायला लागलात."