तळघरातली वाफ

बरोबर सव्वादहा वाजता अप्पांनी आपल्या एकुलत्या एका चांगल्या पँटवर कपभर चहा सांडला. अकरा वाजता फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येणार होतं. अकराव्या मजल्याला विटलेल्या अप्पांना अंगणवालं बैठं घर हवं होतं, आणि तीन वर्षं मागे लागल्यावर आत्ता कुठे काकूंनी विक्रीला होकार दिला होता.

"ह्या बिल्डिंगमध्ये माझ्या गुडघ्यांच्या सुखाचं काय आहे? विका एकदाचं," काकू म्हणाल्या होत्या. "पण लोकांसमोर पायजम्यात आलात तर बघा!"

तळघरात सगळ्यांसाठी वॉशिंग मशिनं होती. सकाळी तिकडे चिटपाखरूही नसतं. अप्पा टॉवेल घेऊन खाली गेले, टॉवेल गुंडाळला, पँट मशीनमध्ये टाकली आणि डाग हट्टी म्हणून कडकडीत गरम पाण्याचं बटण दाबलं.

मशीनचं दार खटकन बंद झालं आणि अप्पांना आठवलं. लिफ्टचं कार्ड पँटच्या खिशात होतं! कार्डाशिवाय लिफ्ट हलत नाही, जिन्याचं दार उघडत नाही. काचेतून पँट गरगर फिरताना दिसत होती.

"अगं बये, थांब की गं!" अप्पांनी मशीनला हात जोडले. मशीन कसली ऐकतेय! उलट तिची सैल नळी फुसफुसायला लागली. बिनखिडकीची खोली बघता बघता वाफेने भरली आणि अप्पा घामाने निथळायला लागले.

तेवढ्यात लिफ्ट उघडली. एजंट, मागे एक जोडपं. "आधी बिल्डिंगच्या सोयी बघून घ्या," असं म्हणत त्याने दार ढकललं आणि टॉवेलातले अप्पा बघून त्याची दातखीळच बसली. अप्पांना तर धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण एजंटच तो, सावरला.

"आणि हे आपलं... स्टीम बाथ!"

"अय्या!" बाई म्हणाल्या. "मग ही मशिनं?"

"वाफेची!"

गिऱ्हाइकाने अप्पांना विचारलं, "रोज घेता का हो?"

अप्पांना डोळ्यांसमोर अंगण दिसलं. "रोज," ते म्हणाले.

"काका, झालं ना तुमचं? चला वर," एजंट घाईघाईने म्हणाला आणि चौघंही लिफ्टमध्ये शिरले.

काकूंनी दार उघडलं आणि किंचाळल्याच. "अहो! हे काय ध्यान! पँट कुठाय?"

"म्हणजे फ्लॅट ह्यांचाच?" बाई खूश झाल्या. "कसे ताजेतवाने दिसतायत बघा! अहो, आमचं ठरलं. घेतला फ्लॅट. माझे गुडघे फार दुखतात हो, स्टीम बाथ म्हणजे घरबसल्या उपचार!"

अप्पांना आनंदाने उडी मारावीशी वाटली, पण टॉवेल सांभाळायचा होता.

"स्टीम बाथ?" काकूंचा आवाज एकदम खाली आला. "आपल्या बिल्डिंगमध्ये?"

"काका रोज घेतात की!"

काकू नवऱ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरून आले. "बारा वर्षं मी इथे गुडघे चोळत बसलेय, आणि तुम्ही एकटे एकटे जाऊन शेक घेता? मला एका शब्दाने सांगू नये?"

अप्पांनी तोंड उघडलं. खरं बोलावं तर गिऱ्हाईक जातं. त्यांनी एजंटकडे पाहिलं. एजंट छताकडे बघत होता. अप्पांनी तोंड मिटलं.

"माफ करा हं," काकू बाईंना म्हणाल्या, "आम्हाला फ्लॅट विकायचा नाही."

त्या आत गेल्या, कपाटातला कोरा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आल्या आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.

"चला, दाखवा कुठंय ते. तुम्ही तर तयारच आहात."