गजुभाऊंचे साठ खांब

आमचे शेजारी गजुभाऊ अंतर विजेच्या खांबांत मोजतात. निवृत्त वायरमन. कामरगावात कोणी पत्ता विचारला की म्हणणार, "सरळ जा, बारा खांब. तेराव्यावर शाळा." किलोमीटर म्हटलं की चिडतात. "किलोमीटर कोनं पाह्यला? खांब दिसते!"

वय त्रेसष्ट, तरी रोज सकाळी चाळीस खांब पळतात. मी शाळेतला बाबू. वय शेहेचाळीस. व्यायाम म्हणाल तर फायली वरच्या फळीवर ठेवणे. एकदा माझ्या बायकोसमोर ते म्हणाले, "बाबू, तुह्यानं दहा खांब बी होत नाही." झालं! दुसऱ्याच दिवशी मी धनजकडच्या रस्त्यानं साठ खांब पळालो. शेवटचे वीस तर नुसत्या अकडीवर.

घरी येऊन लघवीला गेलो आणि पाहतो तर काय, अंबाडीचं लालभडक सरबत! देवा, इतक्या लवकर? बायकोला सांगायची हिंमत होईना. गुपचूप गजुभाऊंकडे गेलो आणि वर अक्कल पाजळली, "लघवी लाल होऊन राह्यली, भाऊ. उन्हाळी लागली असन. सब्जा आहे का?"

गजुभाऊंचा चेहरा उतरला. "जळजळते? दुखते?"

"नाही."

"लाल हाय अन् दुखत नाही? बस गाडीवर."

"अंघोळ तरी..."

"बस म्हन्लं ना!"

कारंजाच्या दवाखान्यापर्यंत त्यांनी एकही खांब मोजला नाही. तेव्हा मी खरा घाबरलो.

डॉक्टरांनी लघवी तपासली, सोनोग्राफी केली. म्हणाले, "झेपणार नाही इतकं पळालं की होतं कधीकधी असं. आराम करा, पाणी प्या, तीन दिवसांनी पुन्हा तपासू. पण लाल दिसलं की असंच लगेच यायचं." खेळाडूंचा आजार मला झाला म्हणून मी लगेच छाती फुगवली. गजुभाऊ मात्र तीनदा विचारत होते, "साहेब, उशीर त नाही झाला ना?"

तीन दिवसांनी रिपोर्ट स्वच्छ आला. मी नाचतच बाहेर आलो. "भाऊ, चकाचक!"

बाकावर बसलेल्या गजुभाऊंनी दुपट्ट्यात तोंड लपवलं.

"सुमनचं बी दुखत नव्हतं रे," ते म्हणाले. "मीच म्हन्लं, उन्हाळी हाय. तीन महिने सब्जा पाजला, बाबू. माह्या हातानं."

गजुभाऊंच्या बायको सुमनवहिनी मी शेजारी राहायला येण्याआधीच गेल्या होत्या. त्या कशानं गेल्या, हे चार वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.