बालोद्यानातला मंच

राहू गावाजवळच्या एका खेड्यात, बालोद्यानात, सहकुटुंब हिवाळी महोत्सव भरवण्याचा ठराव समितीनं एकमतानं केला. उद्देश उदात्त होता: आईबापांनी एक सकाळ तरी मुलांसोबत खेळावं. रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या प्रतिभाला हा उद्देश फारच पटला. तिच्या वैष्णवीला आईच्या हातानं झोका हवा होता, आणि आई घरी असायची तेव्हा झोपलेली असायची. प्रतिभानं मैत्रिणीच्या हातापाया पडून सुट्टी बदलून घेतली आणि लेकीला कानटोपी घालून बागेत आणलं.

बागेत मंडप होता. सपाट जागा तेवढीच असल्यामुळे घसरगुंडी हलवून तिथं मंच उभारला होता. त्यामागचा झोका सुतळीनं खांबाला जखडलेला होता.

"आप्पा, झोका का बांधलाय?" प्रतिभानं समितीचे अध्यक्ष मारुतराव यांना विचारलं.

"पावणं बोलाय लागल्यावर मागं काय हलत असलं, तर भाषणाला वजन येत न्हाई," मारुतराव समजुतीनं म्हणाले. "सत्कार उरकला की सोडू. किती येळ लागतोय?"

सत्कार पाहुण्यांचाच होता. पण शाल द्यायची तर देणारा मंचावर हवा. तो वर गेला, तर त्याचा चुलतभाऊ खाली कसा बसणार? त्याला शालीऐवजी नुसता गुलाब मिळाला, म्हणून तो रुसून मोटरसायकलकडे निघाला. चौघांनी त्याला धरून परत आणलं, तेव्हा त्या चौघांचाही यथोचित सन्मान करणं समितीला क्रमप्राप्त झालं. मंचावर खुर्च्या कमी पडल्या, तशा खालच्या वर नेल्या. खुर्च्या गेल्यावर त्यांवर बसलेल्यांनाही वर जाणं भाग पडलं.

इकडे मुलांनी कालवा सुरू केला. मारुतरावांनी माईक हातात घेतला.

"पालकांना नम्र विनंती हाय. मुलांचा कार्यक्रम चालू हाय, तवा लहान मुलं घरी सोडून या."

कुणी हललं नाही. घरी जावं आणि नेमकं तेव्हाच आपलं नाव पुकारलं गेलं तर? प्रतिभा मनातल्या मनात या सगळ्या मंडळींना नावं ठेवत होती. वैष्णवी तिची ओढणी ओढत होती.

"आता राह्यलेल्या माताभगिनींनी वर यावं," मारुतराव म्हणाले. "मागनं कुणी म्हणाया नको, माझं नाव राह्यलं म्हणून."

कंपनीत प्रतिभाला मशीनच्या नंबरावरून ओळखत. आपलं नाव माईकवरून साऱ्या गावाला ऐकू जाणार, या विचारानंच तिला भरून आलं. तिनं ओढणी हळूच सोडवून घेतली.

"आलेच हं, बाळा."

आता मंचावर अख्खा गाव होता आणि खाली फक्त मुलं. अडवणारे सगळे सन्माननीय होऊन वर बसलेले. मुलांनी दातांनी सुतळी तोडली आणि वैष्णवी झोक्यावर चढली.

"मम्मी, ये की. ढकल ना मला."

प्रतिभा मंचाच्या कडेपर्यंत आलीसुद्धा. तेवढ्यात माईकवर तिच्या शेजारणीचं नाव झालं.

"थांब जरा," ती वरूनच म्हणाली. "माझं नाव घेत्यात आता."

वैष्णवीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं स्वतःच पायांनी माती मागं लोटत झोका घेतला. त्यानंतर तिनं आईला हाक मारली नाही.

वाचकहो, प्रतिभाला खुशाल हसा. फक्त मागच्या लग्नात माईकवर कुणाचं नाव राहिलं होतं, आणि न जेवता ताटावरून कोण उठलं होतं, तेवढं आठवून हसा.