भिंतीला ताप आहे

गांगुर्डे सर कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढतात, मग पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावतात आणि मगच "काय म्हणता?" विचारतात. आमच्या गृहप्रवेशाला गुरुजींचे मंत्र चालू असताना त्यांनी मोठ्यानं जाहीर केलं, "ताप आहे ओ हिला." मी घाबरून प्राजक्ताचं, माझ्या मुलीचं, कपाळ चाचपलं.

सर बरोबर आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. आर्किटेक्चर कॉलेजात पर्यावरणाला धरून घरं कशी बांधायची ते शिकवतात. म्हणजे काय, तर पोरांना भर उन्हात पंचवटीत नेतात आणि गायी कुठे बसल्यात ते कागदावर काढायला लावतात. "गाय बी.आर्क. नाही झाली, तरी वारा कुठून येऊ राहिला ते तिला कळतं. तुम्हाला कळलं की मग डिग्री घ्या." काचेची बिल्डिंग आली की रिक्षात तोंड फिरवून बसतात. बायको वारली, मूलबाळ नाही, त्यामुळे हे सगळं ऐकायला आम्हीच.

आणि गंमत बघा, अख्ख्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात तापणारी खोली सरांचीच. पश्चिमेला ही भलीमोठी खिडकी, तिला ना छज्जा ना पडदा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी तोंडावर म्हटलंय त्यांना. ते नुसते हसतात.

प्राजक्ता आता त्यांच्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. "एक राहतं घर थंड करून दाखवा," असं सरांनी वर्गाला काम दिलं, आणि या पोरीनं निवडलं सरांचंच घर. तिची आधीची ड्रॉइंगं त्यांनी परत पाठवलेली. हेही परत आलं असतं तर वर्ष अडकलं असतं. "अगं, आ बैल मुझे मार कशाला?" मी म्हटलं. ऐकते कसली.

शेवटी पुरणपोळीचा डबा घेऊन मीही तिच्यासोबत वर गेले. खिडकी निम्मी बुजवायची, उरलेल्या भागाला बाहेरून लाकडाच्या उभ्या पट्ट्या लावायच्या, असं तिनं काढलं होतं. सर बराच वेळ कागदावर वाकून बसले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पास."

पोरगी हरखली. "मग सर, खरंच लावून टाकू ना? आमच्याकडे सुतार आलेलाच आहे."

सर उठून खिडकीशी गेले. "पट्ट्या लावल्या की खालचं गेट दिसत नाही गं. आमची ही इथं उभी असायची. मी गेटात दिसलो की चहाचं आधण ठेवायची. वर येईस्तोवर उकळी."

"पण सर, आता तर..." प्राजक्ता बोलून गेली. मी तिचा हात दाबला.

"आता मी गेटातून वर बघतो ना. रोज."

मी हातातला डबा खाली ठेवला. ऊन थेट खोलीत आलं होतं. सरांनी सवयीनं भिंतीला तळहात लावला.

"ताप आहे," ते म्हणाले. "असू दे."